झेंडूचा हार आणि ब्रेक ऑइल

दसऱ्याला आमच्या गोव्यात गाड्यांची काय ऐट असते! सकाळी उठून गाडी धुवायची, बोनेटला झेंडूचा हार घालायचा, आंब्याचे टाळे बांधायचे, पुढे नारळ फोडायचा. मीही हे दरवर्षी करतो आणि पुढेही करणार. पण त्याच गाडीच्या कप्प्यातले सर्व्हिस बुक वर्षभरात एकदा तरी उघडले का, असे विचारले तर बहुतेक जण माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. एकेकाळी मीही त्यांच्यातलाच होतो.

२००६ च्या मे महिन्यातली गोष्ट. बेळगावला नात्यातले लग्न आटोपून अनमोड घाटाने परतत होतो. आमची मारुती ओम्नी, आत आई, बायको, दोन मुले आणि मागे सामानाच्या पिशव्या. उतारावर मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून होतो. मोले जवळ आले असेल-नसेल, एका वळणावर पेडल मऊ पडले आणि थेट तळाला गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबवली. आई मागून विचारत होती, "काय झाले रे?" मी म्हटले, "काही नाही, जरा पाय मोकळे करू." अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा लागू लागले. फोंड्यापर्यंत जीव मुठीत धरून आलो.

तिथल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले. आत कोऱ्या चहासारखा रंग. त्याने विचारले, "बाब, हे कधी बदलले होते?" गाडी सात वर्षांची होती. ऑइल कमी झाले की वरून थोडे ओतले जायचे, पण सगळे काढून नवे कधी भरलेच नव्हते. मी ऐटीत म्हटले, "पण गाडी फक्त ३८ हजार किलोमीटर चालली आहे." तो हसला. बोलला काहीच नाही.

त्या हसण्याचा अर्थ मला नंतर कळला. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. ते हवेतला ओलावा शोषून घेते. साध्या डॉट ३ जातीचे नवे द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापतात, द्रव उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि चाकाला मात्र काहीच कळत नाही. बहुतेक कंपन्या हे द्रव दोनेक वर्षांनी बदलायला सांगतात, मग गाडी दारात उभी का असेना.

आपली खरी चूक इथे आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळा गोवा जेमतेम शंभर किलोमीटर. गाडी जाते कुठे? बाजार, शाळा, देऊळ, चवथीला गावचे घर. मग आपण म्हणतो, "एवढी धावते कुठे, सर्व्हिसिंग कशाला?" पण सर्व्हिस बुकात 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. आपण पहिला अर्धा भाग वाचतो. गोव्यात बहुतेकांना लागू पडतो तो दुसरा.

कमी धावणारी गाडी म्हणजे कमी झिजणारी गाडी, हा आपला समज. प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि ओलावा व न जळलेले इंधन ऑइलमध्ये साचत राहते. शिवाय आपला चार महिन्यांचा पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा. वरून चकाचक दिसणाऱ्या गाडीचा तळ गंजत असतो.

पेट्रोल गाडीला ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग वेळेवर मिळाले की ती सहसा कुरकुर करत नाही. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, तरी अजून रस्त्यावर दिसते ती याच साधेपणामुळे. क्वालिस, सुमो, इनोव्हा अशा डिझेल गाड्यांचे पथ्य थोडे वेगळे. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचणारे पाणी काढावे लागते. नव्या डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारच्या वर असतो, तिथे पाण्याचे थेंब इंजेक्टरची वाट लावतात. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही आहे. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हमरस्त्यावर सलग पळवावी लागते. फक्त बाजारहाटासाठी डिझेल गाडी घेणे म्हणजे हा फिल्टर तुंबवून घेणे. मग पेट्रोलच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत.

आता लोकांचीही एक बाजू आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की बिलावर नको नको त्या गोष्टी चढतात. फ्लश काय, कोटिंग काय! सामान्य माणूस कंटाळतो, चिडतो आणि शेवटी जायचेच सोडतो. राग रास्त आहे, पण तो काढला जातो तो घरच्यांच्या जिवावर. त्यापेक्षा बुक उघडावे, त्यात या वर्षी काय लिहिले आहे ते पाहून तेवढेच करून मागावे, बदललेले जुने भाग परत मागावेत, तारीख आणि किलोमीटर वहीत टिपावेत. गावचा भरवशाचा मेकॅनिकही हे करू शकतो. फक्त त्याच्याकडे गाडी बंद पडल्यावर न जाता आधी जायला हवे.

छोट्या गाडीत बहुधा आपण एकटे असतो. व्हॅनमध्ये मात्र सगळे घर बसलेले असते. मागच्या सीटवरची आजी पेंगते, नातवंडे भांडतात, कारण चालवणाऱ्याने सगळे पाहिले असेल असे त्यांनी धरलेले असते. त्या दिवशी घाटात माझ्या आईनेही तेच धरले होते.

येत्या दसऱ्याला हार जरूर घाला. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइलची डबी एकदा उघडून बघा.