बापाची तब्येत आणि घरचा एक तास

आईच्या आरोग्याविषयी आपल्याकडे थोडेफार तरी बोलले जाते. बापाच्या आरोग्याचा विषय मात्र निघतो तो छातीत कळ आल्यावरच. तोवर 'ते कामात असतात' एवढ्या एका वाक्यावर त्याची बोळवण होते. मी स्वतः कारखान्यात नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप आहे. म्हणून आज या सदरात थोडे घरचेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी कामावर आरोग्य तपासणी झाली. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, तरी माझा रक्तदाब १५०/९६ भरला. आठवडाभराने पुन्हा मोजला तरी फारसा फरक नाही. वरचा १४० किंवा खालचा ९० आणि त्याहून जास्त वारंवार येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजतात. या दुखण्याची खोड अशी, की ते बहुधा काही लक्षण दाखवतच नाही. आतल्या आत हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांवर मात्र ताण पडत राहतो.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि तीन प्रश्न विचारले. रात्री किती वाजता जेवता? झोप किती तास होते? कामाशिवाय दुसरे काय करता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ओशाळून दिली. तिसऱ्याला उत्तरच नव्हते. एके काळी मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत असे. तो पखवाज गवसणीत गुंडाळून माळ्यावर पडला होता. त्याच सुमारास धाकटीने शाळेच्या वहीत 'माझे बाबा' हा निबंध लिहिला. पहिलेच वाक्य होते, 'माझे बाबा कामाला जातात आणि रविवारी झोपतात.' रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मला ते वाक्य जास्त लागले.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, तर शरीर, मन आणि सामाजिक जीवन यांची सुस्थिती म्हणजे आरोग्य, असे तिच्यात म्हटले आहे. आपण कष्टकरी माणसे शरीरापाशीच थांबतो. मन आणि घर हे उरल्या वेळात पाहायचे, असे ठरवतो. आणि वेळ काही उरत नाही. उरलाच तर तो मोबाईल खातो. अर्धा रविवार पडून मोबाईल चाळला, तर ती विश्रांती होत नाही. डोळे शिणतात आणि मन रितेच राहते.

कोणी म्हणेल, ओव्हरटाईम सोडला तर शाळेची फी कोण भरणार? प्रश्न रास्त आहे. मीही ओव्हरटाईम सगळा सोडलेला नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ तेवढी सोडवून घेतली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९९७ पासून बाळंतपणाच्या वेळी पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या बापाला अशी रजा देण्याची सक्ती करणारा कायदा आजही नाही. तो व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तोवर आपली एक संध्याकाळ आपणच राखली पाहिजे.

पखवाज खाली काढला. धुमेला लावायची कणीक धाकटी मळून देऊ लागली, थोरला शेजारी बसून टाळ धरू लागला. पंधरा दिवस गेले आणि सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "अहो, तुमच्या पखवाजाला वेळ सापडला. माझ्या वेळेचे काय?" मी निरुत्तर झालो. बापाचा छंद आईच्या पाठीवर चढून येत असेल, तर एकाची तब्येत सुधारून दुसऱ्याची बिघडवण्यासारखेच ते झाले. तेव्हापासून गुरुवारची भाजी-भाकरी माझ्याकडे आहे. भाकरी अजून कडेला चिरते, पण मुले खातात.

स्वयंपाकघरात शिरल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोठ्या माणसाला दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे चमचाभरही नको. आमच्याकडे लोणचे, पापड आणि वरून मीठ ही माझीच सवय, आणि ती मुलांनी उचललेली. मूल बापाचा उपदेश ऐकत नाही, त्याचे ताट पाहते. तंबाखूचेही तसेच. चालण्याचेही तसेच. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे भरभर चालावे, असे सांगतात. मुलांना घेऊन बाजारात पायी गेलो, तर त्यातली बरीचशी तिथेच भरतात.

माझा रक्तदाब आता आटोक्यात आहे. गोळी मात्र चालू आहे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करणार नाही. छंदाने गोळी सुटते, असा समज कोणी करून घेऊ नये. गोळी नळीतला दाब सांभाळते. घरातला दाब आपल्यालाच उतरवावा लागतो.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बापाने या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. तो तिथे मोफत मोजून मिळतो. आणि माळ्यावर काय पडले आहे, ते एकदा पाहावे.