सुंभ जळाला, पीळ राहिला

आधीच सांगून टाकतो. मी सिगारेट ओढतो. दिवसाला चार, मित्र भेटले तर सहा. सोडायचा प्रयत्न तीनदा केलाय आणि तिन्ही वेळा हरलोय. त्यामुळे पुढचं वाचून 'हा स्वतःच्या व्यसनाची वकिली करतोय' असं कुणाला वाटलं, तर तो आरोप मला अर्धा मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आम्ही पालीचे. रायगड जिल्ह्यातली, बल्लाळेश्वराची पाली. गेल्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, वयाच्या सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. बहीण बंगळुरूला असते, तिच्या मुलीचं बारसं होतं. आईने बॅग भरली. डिंकाचे लाडू, पोह्याचे पापड, मिरगुंडं, जुन्या लुगड्यांची दुपटी. शिवाय बारशाच्या दिवशी देवापुढे लावायला देवळाबाहेरून घेतलेल्या उदबत्त्या, फुलवाती आणि एक काडेपेटी. दोन रुपयांची.

बॅग काउंटरवर दिली आणि दहा मिनिटांत आप्पांचं नाव पुकारलं गेलं. विमानतळाचं नाव सांगत नाही, कुठलाही धरा. एका खोलीत बॅग उघडायला लावली. लाडवांचा डबा बाहेर, दुपटी बाहेर, पापडांची पुडकी बाहेर. आप्पा एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवत होते आणि मागे रांगेतले लोक बघत होते. शेवटी ती काडेपेटी सापडली. आप्पांनी ती दोन बोटांत धरून अशी पुढे केली, जणू शाळेत कॉपी सापडली.

ते तिथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पुढे अंगझडतीच्या रांगेत त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून लायटर निघाला. पितळी, कोपरे झिजलेला. भाऊकाकांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला. काका गेले त्याला नऊ वर्षं झाली. गणवेशातला मुलगा माझ्याहून लहान होता, वागायलाही चांगला होता. 'अंकल, ये अलाउड नहीं है,' म्हणाला. आप्पांनी लायटर त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, 'बरं. माझं नाव लिहून ठेवा त्यावर. सोमवारी परत येतोय, तेव्हा घेईन.'

देवळाबाहेर चपला ठेवल्या तरी टोकन मिळतं. आप्पांचा हिशेब तेवढाच होता. मुलगा जरा हसला, मान हलवली आणि लायटर बाजूच्या पेटीत टाकला. आत आणखी शेकडो होते. आवाजावरून कळलं.

दोष माझाही आहे. मी महिन्या-दोन महिन्यांनी विमानाने जातो. आम्हा ओढणाऱ्यांचे विधी मला पाठ आहेत. गेटबाहेर एकापाठोपाठ दोन सिगारेटी ओढायच्या, लायटर कुंडीच्या कठड्यावर ठेवून द्यायचा, येणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत अनोळखी माणसापुढे अंगठा हवेत फिरवून 'आहे का?' विचारायचं. त्या दिवशीही मी माझा लायटर कठड्यावर ठेवला. आप्पांना सांगायचं मात्र डोक्यात आलं नाही. हा नियम ज्यांना माहीत असतो त्यांना तो इतका सवयीचा होतो, की तो नियम आहे हेच विसरायला होतं.

तपासणीनंतर आत गेलो. काचेची एक खोली होती, धुराने भरलेली. आत भिंतीत विजेचा लायटर बसवलेला. माणसं वाकून त्यावर सिगारेट टेकवत होती. आप्पा बाहेरून बघत राहिले. 'इथे चालतंय की,' म्हणाले. आत काही गेले नाहीत.

विमान सुटल्यावर त्यांनी विचारलं, 'का घेतला रे तो?'

'सिक्युरिटी, आप्पा.'

'ते झालं. पण कशापासून?'

मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी जे वाचलं त्यावरून सांगतो, कारण गोष्ट वाटते त्याहून विचित्र आहे.

विमानात आगीची भीती खोटी नाही. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या व्हरिग कंपनीच्या विमानात मागच्या स्वच्छतागृहात आग लागली. विमान ओर्ली विमानतळाच्या अलीकडे शेतात उतरवावं लागलं, १२३ माणसं मेली. कचऱ्याच्या डब्यात पडलेलं पेटतं थोटूक हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं गेलं. म्हणून आज सिगारेटला पूर्ण बंदी असलेल्या विमानातही स्वच्छतागृहात ॲशट्रे असतो. पुढच्या वेळी बघा. बंदी आहे तर ॲशट्रे कशाला? कारण नियम करणाऱ्याने गृहीत धरलंय, की हजारातला एक गाढव तरीही ओढेल आणि ओढलीच तर थोटूक कागदांत पडू नये. या नियमामागे विचार दिसतो. त्याने माणसाची खोड आधी ओळखली आणि मग उपाय केला.

आता लायटर. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा सर्वसाधारण नियम असा, की प्रवाशाने एक लहान लायटर किंवा सेफ्टी काडेपेटीचं एक लहान पाकीट अंगावर बाळगायला हरकत नाही. सामानात मात्र टाकायचं नाही. यालाही कारण आहे. खाली सामानाच्या कप्प्यात काही पेटलं तर ते कुणाला दिसत नाही. खिशात असलं तर निदान माणसाच्या नजरेसमोर असतं. भारतात मात्र दोन्हीकडे बंदी. खिशात नाही, हातातल्या बॅगेत नाही, खालच्या सामानातही नाही. चीननेही एप्रिल २००८ मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, अशीच सरसकट बंदी घातली.

अमेरिकेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २२ डिसेंबर २००१ रोजी रिचर्ड रीड नावाच्या माणसाने पॅरिस-मायामी विमानात बुटात लपवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. कशाने? काडेपेटीच्या काड्यांनी. कर्मचाऱ्यांनी आणि प्रवाशांनी त्याला आवळला, म्हणून विमान वाचलं. त्यानंतर कायदा झाला आणि एप्रिल २००५ पासून विमानात लायटरला बंदी आली. काडेपेटीचं काय? सेफ्टी काड्यांची चार पाकिटं न्यायला परवानगी होती! म्हणजे ज्या वस्तूने हल्ला होणार होता ती चालू, आणि जी त्याच्याकडे नव्हती ती बंद. तपासनीस रोज सुमारे २२ हजार लायटर गोळा करत होते. शेवटी ऑगस्ट २००७ मध्ये साध्या लायटरवरची ती बंदी उठवली गेली. लायटर काढून घेणं हे सुरक्षेचं नाटक आहे, असं त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख किप हॉली स्वतःच म्हणाले होते. ज्या देशाने जगाला विमानतळावर बूट काढायला शिकवलं, त्याने लायटरबाबत चूक कबूल केली.

आता तुमच्या बॅगेत बघा. पॉवर बँक आहे ना? ती सामानात टाकू नका, सोबत ठेवा, असं सगळ्या विमान कंपन्या सांगतात. कारण तेच, पेटली तर दिसली पाहिजे. आणि त्या पेटतातही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं एक विमान उड्डाणाआधी धावपट्टीजवळ जळालं. माणसं वाचली. तपासात संशय गेला तो पॉवर बँकेवर. तरी पॉवर बँकेवर सरसकट बंदी आली नाही. ती कशी न्यायची, कुठे ठेवायची, किती क्षमतेची चालेल, याचे नियम कडक झाले. योग्यच झालं. कारण पॉवर बँक सगळ्यांची आहे. ती पेटीत टाकायला लावली तर दुसऱ्या दिवशी तुमच्या-माझ्या फोनवर आरडाओरडा सुरू होईल.

लायटरसाठी कोण ओरडणार? माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. सिगारेट वाईट आहे, ओढणाऱ्यालाही ते माहीत आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला कुणी येत नाही. तो स्वतःही येत नाही. लाज वाटते. आणि ज्याची बाजू कुणी घेत नाही, त्याच्यावर कारण न सांगता नियम लावायची सवय व्यवस्थेला सहज लागते. 'नियम आहे' एवढं म्हटलं की पुरतं. आज ती सवय ओढणाऱ्याच्या खिशावर चालते. ती तिथेच थांबेल, अशी हमी मला तरी कुणी दिलेली नाही.

पालीत एसटी स्टँडजवळ माझ्या लहानपणी एक पानाची टपरी होती. तिच्या खांबाला सुंभाची धुमसती दोरी लटकलेली असायची. गिऱ्हाईक यायचं, विडी त्यावर टेकवायचं आणि जायचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मला त्या दोरीमुळे कळली. राख झालेल्या भागातही पिळाचे वळसे दिसत राहायचे. आपल्या लायटरबंदीचं तसंच झालंय. दुसरीकडे याच कारणांची तपासणी झाली, त्यांची राख झाली. आपल्याकडे वळसे जसेच्या तसे.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२२ मध्ये एका इन्फ्लुएन्सरचा विमानात सिगारेट पेटवतानाचा व्हिडिओ फिरला होता. दुबईहून दिल्लीला येणारं विमान. तो बघून माझंही डोकं फिरलं. कुणी म्हणेल, 'बघा, यांच्या हातात लायटर दिला की हे असं होतं.' मुद्दा खरा आहे. मी तो टाळणार नाही. आमच्यातलेच काही लोक बुटात, मोज्यात, बॅगेच्या शिवणीत लायटर लपवून नेतात आणि नंतर चार जणांत मिरवतात. त्यांना सांगायचंय, तुमच्या या हुशारीमुळे उद्या पुन्हा कुणा म्हाताऱ्याची बॅग जमिनीवर उपसली जाणार आहे. लपवणं हा निषेध नव्हे. नियम चुकीचा वाटतो तर तोंड उघडा. नसेल धमक तर लायटर घरी ठेवा.

आणि सरकारला ओढणाऱ्यांवर विश्वास नसेल, तर तसं सांगावं. 'तुमच्यातला हजारात एक गाढव निघतो, म्हणून सगळ्यांचे लायटर घेतो.' हे कारण मला पटेल की नाही हा वेगळा भाग, पण ते कारण तरी असेल. मग मात्र त्या काचेच्या खोलीचाही खुलासा करावा लागेल. २००३ च्या तंबाखू कायद्यातच विमानतळांवर धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. म्हणजे तल्लफ मान्य आहे, धूर मान्य आहे, भिंतीतली आग मान्य आहे. खिशातली तेवढी अमान्य.

बंदी आजच उठवा, असं मी म्हणत नाही. तीन साध्या गोष्टी मागतो. पहिली, बंदीचं कारण लिहा, लोकांना कळेल अशा भाषेत, आणि लायटर-काडेपेटी चालत नाही हे तिकिटावर मराठीतही ठळक छापा. दुसरी, काढून घेतलेली वस्तू परत मिळायची सोय करा. एक पाकीट, एक नंबर, थोडं शुल्क. तिसरी, जगात अंगावरचा एक लायटर चालतो तो आपल्याकडे का चालू नये, याचा दर काही वर्षांनी जाहीर फेरविचार करा.

आमच्या जिल्ह्यातच आता विमानतळ झालाय. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. पालीहून तिथे जायला दीड-दोन तास. हवाई चप्पल घालणाऱ्यानेही विमानात बसावं, असं आपण २०१७ पासून ऐकतोय. आता आमच्या आळीतली माणसं खरंच बसणार आहेत. त्यांच्या पिशव्यांत उदबत्ती असेल, काडेपेटी असेल, कुणाच्या खिशात विडीचं बंडल. त्यांना कुठल्याही ॲपवर नियम वाचायची सवय नाही.

आप्पा आता काडेपेटी वापरतात. लायटरबद्दल पुन्हा बोलले नाहीत. परवा शेजारच्या काकू मुलाकडे हैदराबादला निघाल्या, तर आप्पा अंगणातून ओरडून सांगत होते, 'वैनी, देवाच्या सामानातली काडेपेटी काढा. बॅग उघडायला लावतात.'

'अगंबाई, का?' काकूंनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं.