क्षयरोगाचे कोडे आणि संगणकाचे जाळे

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली शोधला आणि १९९८ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच उलगडला गेला. सुमारे चार हजार जनुकांची यादी हाती आल्यावर नवी औषधे झपाट्याने येतील, अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. याचे कारण त्या यादीच्या स्वरूपातच आहे. सर्व स्थानकांची नावे पाठ असली, तरी मध्य रेल्वे ठप्प झाल्यावर मुंबईकर कोणत्या मार्गाने घरी पोहोचतील, हे त्यावरून कळत नाही. जंतूचेही तसेच आहे. एक रासायनिक वाट रोखली, तर तो दुसरी शोधतो.

या वाटांचा नकाशा संगणकावर मांडणे, हा जाळ्यांच्या प्रारूपांमागील विचार आहे. एकेक जनुक वगळून पाहायचे आणि कोणते वगळल्यावर जंतूची वाढ थांबते, याचे गणित करायचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००५ साली जंतूच्या मेणचट कवचातील मायकोलिक आम्ल कसे तयार होते, याचे असे प्रारूप प्रसिद्ध केले. आयसोनियाझिड हे जुने, परिचित औषध याच साखळीतील एका एन्झाइमवर घाव घालते. २००८ मध्ये याच संस्थेतून ४५१ संभाव्य लक्ष्यांची यादी आली. मानवी प्रथिनांशी साम्य असलेली लक्ष्ये तीतून गाळण्यात आली होती. त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयाच्या औषधांसाठी मुक्त संशोधनाचा प्रकल्प हाती घेतला आणि देशभरातील विद्यार्थ्यांना त्यात सामावून घेतले.

तथापि, लक्ष्यांची यादी म्हणजे औषध नव्हे. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळालेले बेडाक्विलिन संगणकाच्या यादीतून आलेले नाही. जिवंत जंतूंवर असंख्य रसायने प्रत्यक्ष तपासताना ते सापडले. त्याचे लक्ष्य नंतर कळले. औषधाला कवच भेदून आत शिरावे लागते, आणि फुप्फुसातील गाठीत प्राणवायूविना सुप्त पडलेला जंतू प्रयोगशाळेत वाढणाऱ्या जंतूसारखा वागत नाही. या गोष्टी प्रारूपात आपोआप येत नाहीत. त्या मोजून त्यात घालाव्या लागतात.

प्रारूपे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. हजारो शक्यतांमधून शेकडा निवडणे, हे त्यांचे काम आहे. मात्र उरलेल्या शेकड्यांची परीक्षा प्रयोगशाळेत आणि अखेर रुग्णालयातच होते. तिला वर्षे लागतात आणि पैसाही लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात होते. २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचे आपले उद्दिष्ट साध्य झालेले नाही. संगणकतज्ज्ञांची वानवा या देशात नाही. त्यांनी सुचवलेली लक्ष्ये तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि औषधचाचण्या यांवर तितक्याच सातत्याने खर्च झाला नाही, तर हे नकाशे शोधनिबंधांतच राहतील.