गाडी दाराशी आली, चाकांचे काय?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगाव नव्या गाड्या दिसू लागतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रेटा अशा उंच बांध्याच्या गाड्या आता वस्तीवस्तीवर उभ्या आहेत. आम्हास त्याचा आनंदच आहे. घरची सगळी माणसे एका गाडीत बसून दवाखान्याला, लग्नकार्याला जातात, ही आपल्या कष्टाचीच कमाई आहे. पण गटात फिरताना आम्ही पाहतो ते असे की, सीटकव्हर होते, बंपर होतो, मागच्या काचेवर नाव होते. टायरकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. अख्ख्या गाडीचा भार जमिनीला टेकतो तो चार तळव्यांएवढ्या रबरावर. तेथे काटकसर करणे ही काटकसर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट हवेची. ठिबकच्या संचाला आपण गेज बसवतो, दाब पाहतो. टायरला मात्र लाथ मारून अंदाज घेतो! असे चालायचे नाही. हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. भरल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा असतो. मागे डीएपीची चार पोती टाकली की 200 किलो झाले, वर माणसे वेगळी. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. हवा कमी असली की टायरची बगल सारखी दुमडते, तापते आणि वेगात फुटते. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला व जून 2025 मध्ये पूर्ण झाला. तेथे मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. पाणंदीच्या रस्त्यावर निभावून गेलेला टायर तेथे तासभर सलग पळताना दगा देतो, आणि आत आपलीच पोरेबाळे असतात.

दुसरी गोष्ट वयाची. लागणीला आपण नऊ-दहा महिन्यांचे, सशक्त डोळ्यांचे बेणे मागतो. जुने बेणे फुकट दिले तरी घेत नाही. मग टायर घेताना वय का विचारू नये? बगलेवर शेवटी चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असे नाही. उन्हाने रबर कडक होऊन भेगा पडल्या की तो म्हातारा झाला. खोबणीत मधेमधे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटरच उरली, टायर संपला. पावसाळ्यात त्याआधीच बदलावा, कारण चाकाखालचे पाणी बाहेर काढते ती ही खोबणच. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर गाडी सावरणे फार अवघड.

तिसरी गोष्ट मापाची, आणि ही खास तरुण मंडळींसाठी बरं का. 215/60 आर 17 म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बगलेची उंची त्याच्या 60 टक्के, म्हणजे 129 मिलिमीटर, आणि रिम 17 इंची. हौसेखातर मोठी अलॉय रिम घातली की गाडीच्या पोटात मावण्यासाठी बगल बारीक घ्यावी लागते. खड्ड्याचा दणका सोसते ती बगलच. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या आपल्या रस्त्यावर अशी रिम वाकते, टायरला फुगा येतो. कंपनीने दिलेले माप सोडू नये. स्टेपनीही पाहावी, काही गाड्यांत ती लहान मापाची असते, तिच्यावर लिहिलेल्या वेगापुढे जाऊ नये.

कोणी म्हणेल, साहेब, टायर महाग आहेत. खरे आहे. पण हवेचा गेज एक टन उसाच्या बिलात येऊन पैसे उरतात, आणि चाक जपले तर टायरही जास्त टिकतो.

आमची संचालक मंडळास सूचना आहे की, गळीत हंगामापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची तपासणी होते त्याच वेळी सभासदांच्या गाड्यांचीही हवा व टायर पाहण्याची एक दिवस सोय करावी. सभासदांनी तोवर थांबू नये. उद्या सकाळी मळ्यात जाण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी, पाचवे चाक धरून.