शाल, श्रीफळ आणि संदर्भसेवा

ग्रंथपालांसाठीची ‘संदर्भसेवा कार्यशाळा’ कशी आखली जाते, हे मी आता झोपेतसुद्धा सांगू शकेन. आधी तारीख ठरते. मग उद्घाटक ठरतात. मग उद्घाटकांच्या सोयीनं तारीख बदलते. बॅनरवर कुणाचा फोटो कुठे, यावर दोन बैठका होतात. जेवणात गोड काय, यावर एक होते. पत्रिका छापायला जायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं की विषय ठरायचा राहिला. मग मागच्या वर्षीची पत्रिका काढतात आणि तिच्यातलं ‘डिजिटल युगातील ग्रंथालयांपुढील आव्हाने’ नव्या पत्रिकेत उतरवतात.

अशा बऱ्याच कार्यशाळांना मी बसलोय. प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली आहे. त्यांतल्या एकाही कार्यशाळेनं मला वाचकाच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला शिकवलं नाही. वक्ते वाईट होते असं नाही; काही तर फार चांगलं बोलले. पण ही कार्यशाळा मुळात उलट्या टोकाकडून आखली जाते. ती व्यासपीठापासून सुरू होते, ग्रंथालयाच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

टेबलावर काय घडतं ते सांगतो. पुणतांब्याजवळच्या एका गावातल्या ग्रंथालयात मी संध्याकाळी बसायचो. एकदा एक वयस्कर गृहस्थ आले. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, “सर, कायद्याचं एखादं पुस्तक हाये का?” मला आनंद झाला. आमच्याकडे चक्क कायद्याचा वाचक! मी जमीन महसुलाचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं, रजिस्टरला नोंद केली. नाना ते पुस्तक घरी घेऊन गेले आणि महिन्यानं जसंच्या तसं परत घेऊन आले. तेव्हा कुठे मी विचारलं, “नाना, काय बघायचं होतं?” तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली होती. भावकीतला मामला होता. हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. नोटिशीपासून पंधरा दिवस असतात. ते कधीच उलटून गेले होते. पंधरा दिवसांत एका कागदानं झालं असतं, त्यासाठी आता प्रांताकडे अपील करा, तारखा घ्या, वकील बघा.

पुस्तक चूक नव्हतं. चूक माझी होती. “कशासाठी हवंय?” हे दोन शब्द मी विचारले नाहीत. नोंद मात्र बिनचूक झाली होती.

पुढे काही दिवसांनी मी एका कार्यशाळेला गेलो. संदर्भसेवेच्या सत्रात पडद्यावर विश्वकोशांचे प्रकार, शब्दकोशांचे प्रकार, परदेशी डेटाबेसांची नावं सरकत होती. वाचकाशी बोलायचं कसं, याला एकही मिनिट नव्हतं. नंतर सत्कार झाले.

आमच्या पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, ही गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. मायना काय लिहावा हेच कळेना, म्हणून कागद कोरा गेला. आणि त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं. ग्रंथालयात येणारा बहुतेक माणूस असंच कोरं पत्र घेऊन येतो. त्याला आपला प्रश्न कुठल्या विषयात बसतो ते माहीत नसतं, म्हणून तो ‘कायद्याचं पुस्तक’ मागतो. मागणीमागचा प्रश्न वाचणं, ही संदर्भसेवेची पहिली पायरी आहे. पासष्ट ओव्या कुणी मागत नाही. तलाठ्याकडे जा, पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, पोच घ्या, एवढ्या ओव्या पुरेत.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या सॅम्युएल ग्रीन नावाच्या ग्रंथपालानं १८७६ सालीच मांडलं होतं की, ग्रंथपालानं वाचकाशी माणसासारखं बोलावं आणि त्याला हवं ते शोधून द्यावं. आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली पाच सूत्रं सांगितली. त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. नानांचे पंधरा दिवस त्या चौथ्या सूत्रात येतात. आणि बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून १९११ साली प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, तेव्हा संस्थानातल्या गावोगावी ग्रंथालयं काढायचं काम समोर होतं. म्हणजे आधी काम होतं, मग त्या कामासाठी प्रशिक्षण. आपण प्रशिक्षण आधी घेतो आणि कामाचं नंतर बघू म्हणतो.

आता २०१७ आठवा. एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेनं संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहरात जायचा थांबला. देशभर गावाचं नाव झालं. त्याच महिन्यात सरकारनं ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा केली आणि २८ जूनला शासन निर्णय निघाला. ३० जून २०१६ ला थकीत असलेलं दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ. नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहनपर रक्कम. अर्ज मात्र ऑनलाइन. नवरा-बायको दोघांचे आधार, दोघांचे अंगठे. सर्व्हर बंद, नावात एका अक्षराचा फरक, मुदतीवर मुदत.

ज्या गावानं राज्याला आवाज दिला, त्या गावातल्या माणसाला मग साधे प्रश्न पडले. मी बसतो का यात? थकीत म्हणजे कुठल्या तारखेला? कुटुंब म्हणजे कोण कोण? हे सगळे संदर्भप्रश्न होते. प्रत्येकाचं उत्तर छापील शासन निर्णयात होतं किंवा त्याच्या दुरुस्तीत होतं. रांगा लागल्या त्या सेवा केंद्रांपुढे. कुठल्या ग्रंथालयापुढे रांग लागलेली मी तरी पाहिली नाही. लोकांना ग्रंथालयाची आठवणच झाली नाही, आणि आम्हालाही वाटलं नाही की हे आपलं काम आहे. माझ्या मते ही आपल्या सगळ्या कार्यशाळांची परीक्षा होती, आणि तीत आपण नापास झालो.

तेव्हा कार्यशाळा कशी आखावी? माझं म्हणणं साधं आहे. कार्यशाळेच्या तीन महिने आधी प्रत्येक ग्रंथालयात एक वही ठेवा. चार रकाने. वाचकानं काय मागितलं, त्याला खरं काय हवं होतं, उत्तर कुठे मिळालं, आणि मिळालं नसेल तर का. नाव-गाव लिहायचं नाही. लोकांचे मामले नाजूक असतात. तीन महिन्यांनी या वह्या एकत्र वाचा. विषय आपोआप ठरतील. उद्घाटकाला विचारायची गरज पडणार नाही.

आमच्या भागातल्या वहीत काय येईल त्याचा अंदाज मी देऊ शकतो. महाभूलेखवरचा सातबारा बँक का घेत नाही? कारण तो फक्त माहितीसाठी असतो. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत वेगळा काढावा लागतो. चांगदेवांच्या समाधीवर प्रकल्प करणाऱ्या मुलीला गावाची जुनी माहिती कुठे मिळेल? १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरात. गावाची १९९१ ची लोकसंख्या कुठे बघायची? ती राहात्याखाली सापडणार नाही, कारण राहाता तालुका झालाच १९९९ साली; कोपरगावाखाली बघा. आणि आता जिल्ह्याचंही नाव बदललं आहे, तेव्हा उद्या कुणी अहिल्यानगर नावानं जुनी कागदपत्रं शोधायला बसेल आणि रिकाम्या हातानं जाईल. हे ज्याला माहीत आहे तो संदर्भ ग्रंथपाल. हे कुठल्याही पडद्यावरच्या यादीत नसतं.

कार्यशाळेला माणसं वीसच घ्या. हॉल नको, एखाद्या गावच्या ग्रंथालयातच भरवा, तिथल्याच संगणकावर आणि तिथल्याच रडतखडत चालणाऱ्या नेटवर. सकाळी दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकानं वाचक व्हायचं, दुसऱ्यानं फक्त विचारायचं, पुस्तकाला हात लावायचा नाही. दुपारी वहीतले न सुटलेले प्रश्न सोडवा. तलाठी, एखादे वकील, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर यांना जरूर बोलवा, पण भाषणाला नाही. आम्ही शोधलेली उत्तरं तपासायला. संध्याकाळी प्रत्येकानं एका प्रश्नाचं एक पानी उत्तर, तारीख घालून, बरोबर न्यायचं. आणि तीन महिन्यांनी त्याच वीस जणांनी वह्या घेऊन पुन्हा भेटायचं. ही दुसरी भेट होणार नसेल, तर पहिलीही घेऊ नका.

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, ‘ग्रंथपाल म्हणजे काय सेवा केंद्र आहे का?’ नाही. आम्ही अर्ज भरायचे नाहीत, आणि ‘केस जिंकाल’ असंही सांगायचं नाही. नियम काय म्हणतो, तो कुठे लिहिलाय, पुढे कुणाला भेटायचं, एवढंच दाखवायचं. सल्ला आणि माहिती यांतली ही रेघ कुठे ओढायची, हेच तर कार्यशाळेत शिकवायला हवं.

दुसरं, ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं.’ मिळतं ना. चार वर्षांपूर्वीचा शासन निर्णय कालच निघाल्यासारखा व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याच्यावरची तारीख आणि संकेतांक बघून तो अजून लागू आहे की मध्येच बदलला, हे सांगणारा माणूस मोबाइलमध्ये नसतो. उत्तरं जितकी वाढतील तितकी त्यांतलं खरं ओळखणाऱ्याची गरज वाढेल.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे, आणि ते मला गप्प करतं. ‘एवढं सगळं करायला ग्रंथपालाला देता काय?’ राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. १९६७ चा कायदा आहे, संचालनालय आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. त्यातले निम्मे पगाराला धरले तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. दोन हजारांत संदर्भतज्ज्ञ मागणं ही थट्टा आहे, आणि ही थट्टा करणाऱ्या सरकारला मी सोडत नाही.

पण म्हणूनच तर कार्यशाळेच्या पैशांचा हिशेब मागायला हवा. दोन हजारांवर राबणारी बाई किंवा माणूस एक दिवस घर, शेत सोडून, पदरचं एसटीभाडं घालून येतो. त्याच्या त्या दिवसात तुम्ही काय भरता? मंडप, बॅनर आणि शालींत गेलेल्या पैशात वीस वह्या, वीस जणांचं भाडं आणि दुसऱ्या भेटीचं जेवण सहज निघतं. पगार वाढवणं आयोजकांच्या हातात नाही, हे मान्य. पत्रिका मात्र पूर्णपणे त्यांच्याच हातात असते.

पुढच्या कार्यशाळेचं निमंत्रण आलं की मी फोन करून एकच विचारणार आहे: हे विषय कुठल्या ग्रंथालयातल्या कुठल्या प्रश्नांवरून ठरवले? उत्तर मिळालं तर स्वतःच्या खर्चानं येईन. नाही मिळालं तर त्या संध्याकाळी टेबलावर बसेन. कुणीतरी उंबऱ्याशी चपला काढून उभं असेल. त्याला आधी बसवीन, पाणी देईन आणि विचारीन, कशासाठी हवंय.