घरघर कुठून येते?

बीड जिल्ह्यातील ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गदर्शक तिफण, रुमणे, कासरा, मोट अशा शब्दांचे परिशिष्ट जोडावयास सांगतात. विद्यार्थी ते जोडतो आणि त्याला पदवी मिळते. ज्या मोटेचा शब्द त्याने नोंदवला ती मोट बहुधा त्याने चालताना पाहिलेली नसते. ज्या तालुक्याच्या गावी तो रोज एस.टी.ने उतरतो, तेथील ध्वनिक्षेपक-दुरुस्तीच्या दुकानातली भाषा मात्र कानी पडूनही नोंदली जात नाही. खेड्याची भाषा म्हणजे औताची भाषा, अशी मराठी विभागांची एक सोयीस्कर समजूत आहे. ती खोटी आहे, आणि तिच्यापायी एक सबंध शब्दसृष्टी आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहे.

या जिल्ह्यात आवाज वाढविणाऱ्या यंत्राला ‘मशीन’ म्हणतात आणि कर्ण्याला ‘भोंगा’. नारायणगड-गहिनीनाथगडाच्या परिसरातील सप्ताह, जयंतीच्या मिरवणुका, लग्नाच्या वराती आणि त्यांत वाजणारा विजेवरचा बँजो, एखाद्या ऑर्केस्ट्रातील गिटार या सर्वांचा भार कधीकाळी व्हॉल्व्हच्या मशीनने वाहिला. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली व्हॉल्व्ह बनवावयास आरंभ केला. आज तिचे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातूनच हाती लागतात. नवे घ्यायचे तर ते रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनमधून येतात. असे एखादे जुने मशीन कोणी हौशी वादक गिटारीसाठी विकत घेतो, सुरू करतो, आणि सुरांआधी ऐकू येते ती घरघर.

येथे दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिला सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलतो. खर्च होतो, घरघर तशीच राहते. दुसरा, म्हणजे जाणता कारागीर, आधी ऐकतो. गिटारीची वायर काढून तो आवाजाची कळ शून्यावर आणतो. घरघर तरीही राहिली, तर दोष त्या कळीच्या पुढे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या किंवा शेवटच्या व्हॉल्व्हच्या भागात. नाहीशी झाली, तर कळीच्या अलीकडे. मग तो घरघरीची जात ओळखतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घरघर त्याच खर्ज पट्टीत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या तंतूला तापविणाऱ्या तारांवर, अर्थिंगवर किंवा उघड्या वायरवर जातो. ती एक सप्तक वर, १०० हर्ट्झवर आणि जराशी खरखरीत असेल, तर पुरवठा गाळून सपाट करणारे कंडेन्सर थकलेले असतात. कारण एकदिशीकरणानंतर वीजलहरीचे दोन्ही अर्ध एकाच बाजूस येतात आणि लहरींची संख्या दुप्पट होते. त्यानंतर मशीन बंद करून तो पहिला व्हॉल्व्ह काढतो आणि पुन्हा सुरू करून ऐकतो. घरघर थांबली तर दोष तेथे किंवा त्याच्या आधी. न थांबली तर पुढे. खात्रीचा व्हॉल्व्ह त्याच जागी बसवून पाहिला आणि घरघर गेली, तर व्हॉल्व्ह दोषी. राहिली, तर जोडणी. शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्हची जोडी असेल तर ती जुळलेलीच हवी. दोन्ही सारखे असतील तरच पुरवठ्यातली घरघर परस्परांत विरते. एकच बदलला तर ती उलट वाढू शकते.

हे सारे करताना त्याचा एक हात पाठीशी असतो. आत ३००-४०० व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. म्हणून आत हात घालण्याआधी त्यांतील भार रोधामार्फत सावकाश उतरवावा लागतो. चूक झाली तर ती दुरुस्त करावयास माणूस उरत नाही.

आमचा प्रश्न असा, की यास ज्ञान म्हणावयाचे नाही तर कशास म्हणावयाचे? लक्षणावरून अनुमान, अनुमानाची पडताळणी, एका वेळी एकच बदल, या शिस्तीचा निम्मा भाग जरी आपल्या समीक्षेत असता, तर कवितेतील दुर्बोधतेचे खापर एकदा कवीवर, एकदा वाचकावर, एकदा जागतिकीकरणावर फोडून आपण मोकळे झालो नसतो. सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलणारा गृहस्थ आमच्या चर्चासत्रांत वारंवार भेटतो. दर दहा वर्षांनी तो नवा सिद्धान्त आणतो. जुनी घरघर कुठून येत होती, हे त्याने कधी ऐकलेलेच नसते.

‘पण यात मराठी कुठे आहे? सगळे इंग्रजी शब्द,’ हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कंडेन्सर ‘फुगतो’, फ्यूज ‘उडतो’, ट्रान्सफॉर्मर ‘जळतो’, बॉडी ‘करंट मारते’, जोडाला ‘डाग देतात’. नाम परके असले तरी वाक्याचा कणा असलेले क्रियापद मराठी आहे, आणि ते पाहिलेल्या घटनेचे अचूक वर्णन करते. कोशात ‘निर्वात नलिका’ आहे, ‘विवर्धक’ आहे. त्या शब्दांशी आमचे वैर नाही. पण मराठी त्यांत अधिक आहे आणि दुकानात कमी, हे आम्हांस मान्य नाही. व्हॉल्व्हच्या नावालाही व्याकरण असते. ‘ईसीसी ८३’ मधील ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा तंतू, दोन ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. न शिकवलेले हे व्याकरण कारागिरास मुखोद्गत असते. भाषाविज्ञानाच्या वर्गाला ते उदाहरण म्हणूनही सुचत नाही.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. भोंग्यांचा त्रास खरा आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम पाळलेच पाहिजेत. परंतु भोंगा रात्री दहानंतर वाजला, हा दुरुस्ती करणाऱ्याचा अपराध कसा? तिसरा आक्षेप असा, की हे काम तंत्रशिक्षणाचे. तंत्रशाळेला यंत्र चालू करायचे असते. शब्द नोंदविणे हे भाषेच्या विभागाचेच काम आहे, आणि तेच आपण टाळत आहोत.

ज्यांची समाधी अंबाजोगाईस दाखवली जाते, त्या मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत सांगितला. त्याच गावच्या दासोपंतांनी आपला विचार मांडण्यासाठी हातभर कागदावर न थांबता लांबलचक पासोडी वापरली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात विजेचे शास्त्र मराठी क्रियापदांत बोलणारी पिढी म्हातारी होत आहे. तिच्या धंद्यालाच घरघर लागली आहे. येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एका वर्षी दोन विद्यार्थी तरी या दुकानांत बसवावेत, शब्द, वाक्ये आणि कृती जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, आणि त्या नोंदींना प्रबंधाचा दर्जा द्यावा. मोटेच्या परिशिष्टाने पदवी मिळत असेल, तर याने न मिळण्याचे कारण आम्हांस कोणी सांगावे.