पस्तिशीतली विद्यार्थिनी

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं एक शिबिर भरलं होतं. खेड्यांत काम करू पाहणाऱ्या स्त्रिया त्यात होत्या. पुण्याच्या हुजूरपागा शाळेतल्या एक शिक्षिकाही होत्या. वय पस्तीस, शिकवण्याचा अनुभव सोळा वर्षांचा. तिथं त्यांची गाठ त्रेपन्न वर्षांच्या एका बाईंशी पडली. या बाईंना खेड्यात बालवाडी काढायची होती आणि सोबत राहून काम करणारं कुणीतरी हवं होतं. हुजूरपागेच्या शिक्षिका ‘मी येते’ म्हणाल्या आणि खरोखरच पुण्यातली नोकरी सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक, आणि शिक्षिका अनुताई वाघ.

आयुष्याला वळण लावणारे शिक्षक म्हटलं की बहुतेकांना चौथी-पाचवीतले गुरुजी आठवतात. अनुताईंना मात्र त्यांच्या गुरू भेटल्या त्या स्वतः शेकडो मुलींना शिकवून झाल्यावर. डहाणूच्या या दोघींची गोष्ट म्हणूनच शिक्षकांनी वाचावी अशी आहे. शिकण्याचं वय उलटून गेलेलं असतानाही गुरू भेटू शकतो, आणि त्याचा परिणाम पुढची जवळजवळ पन्नास वर्षं टिकू शकतो, याचा हा लख्ख पुरावा आहे.

अनुताईंचा तोवरचा प्रवासच खडतर होता. जन्म १७ मार्च १९१०चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं पुढं काय व्हायचं, हे गावाला ठाऊक होतं. अनुताईंनी शिक्षणाची वाट धरली. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, १९२९पासून नाशिक जिल्ह्यात चांदवडकडच्या ग्रामीण शाळेत शिकवलं. मग पुण्यात हुजूरपागा. तिथं दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पोटापाण्याची सोय झालेली, शहरात नाव असलेली शाळा, मान. एवढं सगळं हाताशी असताना त्या बोर्डीला गेल्या.

ताराबाईंचं घडणं निराळं होतं. त्या प्रार्थना समाजी वातावरणात वाढलेल्या, १९१४ सालच्या पदवीधर. संसार विस्कटल्यावर एकटीनं उभ्या राहिल्या आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ब्रिटिश अमदानीत भारतीय बाईला मिळालेलं ते मोठं पद. तेही सोडून त्या भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेकांकडे. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरींचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मुलांना मारायचं नाही, धाक घालायचा नाही, त्यांच्या हाताला काम आणि मनाला मोकळीक द्यायची, हे तिथं रोजच्या व्यवहारात होतं. प्राचार्यपद भूषवलेल्या ताराबाई तिथं पुन्हा शिकायला बसल्या. वयाची तिशी त्यांनीही ओलांडलेली होती.

म्हणजे अनुताई बोर्डीला आल्या तेव्हा त्यांच्या गुरूही कधी काळी अशाच उशिरानं विद्यार्थिनी झालेल्या होत्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला. १९३९ साली गिजुभाई गेले. गुरू गेल्यावर ताराबाईंना दादरच्या मध्यमवर्गीय मुलांसाठी चाललेली नामवंत शाळा सांभाळत बसता आलं असतं. त्यांना मात्र वेगळीच टोचणी लागली होती.

माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं ते १९०७ साली, रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. गरिबांच्या पोरांसाठी निघालेली ही पद्धत भारतात येईस्तोवर महाग लाकडी साधनांची, शहरी सुखवस्तू घरांची झाली होती. ताराबाईंनी ती पुन्हा गरिबांच्या दारात न्यायची ठरवलं. बोर्डीला शिक्षणाची पूर्वपीठिका होती. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथं १९२०पासून चालत होती आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखा माणूस तिथं शिक्षणाला वाहून घेऊन बसला होता. १९४५ साली तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

बोर्डी म्हणजे समुद्र, चिकूच्या वाड्या, ताडाची झाडं. गावात वाडीवाले, शेतकरी, व्यापारी. कडेला हरिजनवस्ती आणि पलीकडे वारली आदिवासींचे पाडे. बालवाडी उघडली तेव्हा गावातली मुलं आली. ज्यांच्यासाठी ती उघडली होती ती मात्र आली नाहीत. हरिजनवाड्यातली नाहीत, पाड्यावरची तर नाहीतच. कुणाच्या अंगावर धड कपडा नव्हता, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं, कुणाला गावातल्या लोकांची भीती वाटत होती.

इथं ताराबाईंनी जे केलं तो अनुताईंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा ठरला. मुलं येत नाहीत म्हणून त्यांनी आईबापांना बोल लावला नाही. मुलं येत नसतील तर बालवाडी मुलांकडे जाईल, असं त्यांनी ठरवलं. मग सामान घेऊन वस्तीत जायचं, एखाद्या घरापुढचं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथंच बसायचं. मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणं, गोष्ट, खेळ. अंगणातल्या या बालवाडीला अंगणवाडी म्हणू लागले. पुढं २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशभरात लाखांनी अंगणवाड्या आहेत. त्यांची मुळं बोर्डीच्या अशा अंगणांत आहेत, हे पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं.

साधनांचंही तसंच झालं. दादरची साधनं पाड्यावर परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांना ती परकी होती. त्यांच्या हातांना शिंपले, चिंचोके, खडे, पानं, माती आणि बांबू ओळखीचे होते. मोजायला चिंचोके आले, मोठं-लहान ओळखायला शिंपले आले, रंगांची ओळख पानाफुलांतून झाली. लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिणाऱ्या वारल्यांच्या मुलांना रेघ कशी ओढायची हे शिकवावं लागत नव्हतं. ती रेघ त्यांच्या घरातच होती. शिक्षिकेनं तिला जागा करून द्यायची होती.

१९५६-५७च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था तिथं आधीपासून होती. आता प्रश्न आणखी अवघड झाले. वारली मूल चार-पाच वर्षांचं झालं की घरच्या कामाला लागतं. मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा गुरं-शेळ्या राखतो. त्याला शाळेत बसवलं तर घरचं काम अडतं. कोसबादनं यावर दोन उत्तरं शोधली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. मोठ्या बहिणीनं तान्ह्याला सोबत आणावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात बसावं. दुसरं उत्तर कुरणशाळेचं. गुरं चरायला जातात तिथंच शिक्षकानं जायचं, झाडाखाली वर्ग भरवायचा. एक डोळा गुरांवर, एक अक्षरांवर.

या सगळ्यात दोघींची कामं कशी वाटली गेली होती, हे पाहण्यासारखं आहे. ताराबाईंचं वाचन दांडगं, विचार नेमका, मांडणी शास्त्रशुद्ध. अनुताई खेड्यात वाढलेल्या, हातानं काम करणाऱ्या. ताराबाई विचार सांगत. तो उद्या सकाळी पाड्यावर कसा उतरेल, हे अनुताई पाहत. कोणत्या गोष्टीला मुलं हसतात, कोणत्या आईशी काय बोललं की ती मुलाला पाठवते, पावसाळ्यात वर्ग कुठं भरवायचा, ही सगळी विद्या अनुताईंनी पायपिटीतून मिळवली. बालवाडी कशी चालवावी, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांनी मुलांसाठी लिहिलं, शिक्षिकांसाठी लिहिलं. पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ साली, त्या बी. ए. झाल्या. एवढं काम उभं केल्यावर त्यांना पदवीवाचून काही अडत नव्हतं. पण ताराबाईंच्या सहवासात त्यांची शिकण्याची सवय सुटली नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ला त्या गेल्या. अठ्ठावीस वर्षांचा सहवास संपला तेव्हा अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

गुरूचा प्रभाव किती खोल आहे, हे गुरू गेल्यावर कळतं. काही शिष्य गुरूनं सांगितलेलं शब्दशः जपतात आणि काम तिथंच थांबतं. अनुताईंनी गुरूची रीत पुढं नेली. कोसबादच्या संस्था सांभाळल्या, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, बालवाडी शिक्षिका तयार केल्या. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिलं. १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था स्थापन केली. डहाणू तालुक्यातल्या ऐन्याच्या शाळेतून तिचं काम पुढं महाराष्ट्रभर माहीत झालं. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळालं, जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला. २७ सप्टेंबर १९९२ला त्यांचं निधन झालं. ताराबाई गेल्यानंतरची एकोणीस वर्षंही त्यांनी त्याच कामात घालवली, आणि त्यात ताराबाईंनी कधी न पाहिलेल्या गोष्टी उभ्या केल्या.

बोर्डीला केंद्र निघालं त्याच १९४५ सालात, जवळच्या तलासरी भागात आणखी एक मोठं शिक्षण चालू होतं. २३ मेला झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभा, लाल बावटा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी आणि जमीनदाराकडे फुकट राबणारे वेठबिगार यांनी तिथं ठरवलं की यापुढं वेठ करायची नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, तरी लोक हटले नाहीत. कायद्याच्या पदवीधर गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून फिरल्या, कुडाच्या घरांत राहिल्या, लोकांना बोलायला शिकवत गेल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या तालमीत तयार झालेले लहानू कोम १९७७ साली डहाणूमधून लोकसभेवर निवडून गेले. तलासरीच्या महाविद्यालयाला आज गोदावरी परुळेकरांचं नाव आहे.

बालवाडी आणि चळवळ यांच्या वाटा वेगळ्या होत्या, विचारही वेगळे होते. पण पाड्यावरच्या मुलाच्या दृष्टीनं पाहिलं तर दोन्हींची गाठ पडते. आईबाप दिवसभर जमीनदाराच्या खळ्यावर वेठीला असतील, तर धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीला बालवाडीत कोण सोडणार? आईबापांचा दिवस त्यांचा स्वतःचा झाला, तेव्हाच मुलांच्या दिवसाचा विचार करता येऊ लागला. ताराबाई आणि गोदावरीबाई, दोघींनीही माणसाला आधी त्याच्या जागी जाऊन भेटायचं, हे पाळलं. शिकवणाऱ्याच्या अंगी हे आलं की शिकणारा ते विसरत नाही.

हा मजकूर आज लिहावासा वाटतो त्याला कारण आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला. म्हणजे अंगणवाडीतलं मूल आता अधिकृतपणे शिक्षणाच्या पहिल्या पायरीवर आहे. बोर्डी-कोसबादनं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जे करून दाखवलं ते धोरणात आलं, ही समाधानाची गोष्ट आहे. पण डहाणू-तलासरीतल्या अंगणवाडी सेविकेकडून आपण काय काय करून घेतो, ते पाहावं. पोषण आहार, मुलांची वजनं, लसीकरणाची आठवण, गरोदर बायांच्या नोंदी, मोबाइलवरची माहिती. हे सगळं आवश्यक आहे, आणि पालघर जिल्ह्यानं कुपोषणापायी इतकी मुलं गमावली आहेत की त्यात कसूर चालणारच नाही. तरी या कामातून गाणं, गोष्ट आणि चिंचोक्यांसाठी तिच्याकडे किती वेळ उरतो?

सेविकेला प्रशिक्षण मिळतं, पुस्तिका मिळते, साधनांची पेटी मिळते. अनुताईंना याहून मौल्यवान काहीतरी मिळालं होतं. त्यांना ताराबाईंच्या शेजारी बसून पाहता आलं. रडणाऱ्या मुलाला त्या कसं घेतात, न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन काय बोलतात, एखादा बेत फसला की दुसऱ्या दिवशी काय बदलतात. सोळा वर्षांच्या अनुभवानंतरही हे पाहून शिकण्यासारखं आहे, असं त्यांना वाटलं. मग विशीतल्या नव्या सेविकेला चार दिवसांच्या वर्गातून ते कसं यावं?

पालघर जिल्ह्यात उत्तम काम करणाऱ्या अनुभवी सेविका आहेत. वारली बोलीत मुलांशी बोलणाऱ्या, पाड्यावरची प्रत्येक आई ओळखणाऱ्या. नव्यानं नेमलेल्या सेविकेला सुरुवातीचे काही महिने पूर्ण मानधनावर अशा एखाद्या सेविकेच्या अंगणवाडीत बसू द्यावं. शिकवणाऱ्या सेविकेला त्याचा वेगळा भत्ता द्यावा, तिच्या नोंदींचा भार त्या काळापुरता दुसऱ्याकडे सोपवावा. जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांपासून याची सुरुवात करू शकतो, आणि कोसबाद, ऐना इथली दशकांची शिदोरी त्यासाठी हाकेच्या अंतरावर आहे.